लगद्याचा जुना मुखवटा: पुन्हा रंगवून घेऊ की तसाच राहू देऊ?

खिळेजुळारी (गिरगाव, मुंबई)

मंडळी, नमस्कार. प्रश्न छोटाच आहे, पण तो नीट विचारायचा तर थोडं पाल्हाळ लागेल. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं जुळवली, आता स्वतःची जुळवायला बसलो की लांबतात.

मी छापखान्यात खिळे जुळवायचो. हाताने. खिळा म्हणजे धातूचं सुटं अक्षर. केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये (हातातल्या पट्टीत) लावायचा, ओळ झाली की गॅलीत, म्हणजे लांबट तबकात. पुढे ऑफसेट आलं, खिळे भंगारात वजनावर गेले आणि मी मुद्रितशोधकाच्या खुर्चीत गेलो. निवृत्त झाल्यावर आमच्या वयाचे लोक नातवंडं सांभाळतात, मी कागदाच्या लगद्याच्या वस्तू सांभाळतो. आज घरात २३ नग आहेत. तंजावरची मान डोलवणारी बाई, पुरीकडचे दोन वाघ आणि एक हनुमान, पुरुलियाच्या चरिदा गावचा छाऊ नाचातला महिषासुर (याच्या मुकुटाला रोज एक मणी गळतो), काश्मीरचे चार डबे, आणि जयपूरचा एक हत्ती, ज्याची सोंड आमच्या धाकट्याने लहानपणी चावली. चाळीतल्या दोन खोल्यांत हे सगळं आणि आम्ही दोघं. बायको म्हणते, लोक रद्दी देऊन पैसे आणतात, तुम्ही पैसे देऊन रद्दी आणता. व्याकरणदृष्ट्या तिचं वाक्य निर्दोष आहे.

तर मुखवटा (फोटो जोडलेत). मार्च महिन्यात चोर बाजारात, मटन स्ट्रीटला, गुरुवारी संध्याकाळी मिळाला. (शुक्रवारी तिथली दुकानं बंद, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी दुकानदार जरा मऊ असतो, असा माझा अनुभव.) "केरल का है चाचा, सौ साल पुराना." मागितले ९,०००, दिले २,८००. उंची हातभर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ७४० ग्रॅम. तांबडा चेहरा, बटाट्याएवढे डोळे, जाड काळ्या मिशा, दोन सुळे. डावा सुळा तुटलेला. उजव्या कानामागे तळहाताएवढा तुकडा उडालाय. दोन्ही कानांजवळ दोन-दोन चौकोनी भोकं आहेत, ती कुणीतरी नंतर कागद कोंबून बुजवली आहेत. रंग गालावर आणि कपाळावर पोपडे धरून उभा राहिलाय, हात लावला की निघतो.

आता मजा. फुटलेल्या कानातून आतले थर दिसतात. जुनी सवय, भिंग लावलं. कागद वर्तमानपत्राचा आहे. पहिलाच शब्द दिसला "मुळें". ळ दिसला म्हणजे हिंदी नव्हे, केरळचा तर प्रश्नच मिटला. "ळें" वरचा अनुस्वार पाहा. शेजारी "नाहीं" आणि "कांहीं", दोन्ही अनुस्वारांसकट. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे. त्यानंतर हे न उच्चारले जाणारे टिंब हळूहळू छापखान्यांतून हद्दपार झाले. मी उमेदवारी करायला लागलो तेव्हा आमचे म्हातारे फोरमन त्या टिंबांच्या आठवणीने हळहळायचे. आणि खाली एका केशतेलाच्या जाहिरातीत किंमत आहे, "८७ न. पै." नवे पैसे चालू झाले १ एप्रिल १९५७ ला, आणि "नवे" हा शब्द गळला १ जून १९६४ ला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या मुखवट्याच्या पोटात हे नवे पैसे कुठून आले, हे त्या दुकानदाराला जाऊन विचारावंसं वाटतं. विचारणार नाही. २,८०० मध्ये एवढी करमणूक झाली, पुष्कळ झाली.

आता अडचण. या पावसाळ्यात मुखवट्याच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी आली. आणि आमच्या गल्लीत गणपतीच्या कार्यशाळेत रंगकाम करणारा एक मुलगा आहे, हात फार सुरेख, डोळ्यांची आखणी तर बघत राहावी. तो म्हणाला, काका, द्या माझ्याकडे, पॉलिश पेपर मारून, खडूचा हात देऊन, दीड हजारात नवाकोरा करतो. मी हो म्हणता म्हणता थांबलो. रंगवून घेऊ की नको? नको, तर हे पोपडे आणि बुरशी यांचं काय करू? आणि केरळचा नाही, मराठी रद्दीचा आहे, तर मग हा मुखवटा आहे तरी कुठला?


शोकेस (वांद्रे)

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लगद्याचं काम, पेपरमाशे, म्हणजे काश्मीर. बाकी सगळं जत्रेतलं खेळणं. मी पंधरा वर्षं घेतोय, माझ्याकडे जुने कलमदान आहेत, त्यांच्यावरचं वार्निश आजही आरशासारखं चमकतं. या तुमच्या मुखवट्याला अँटिक म्हणून भाव नाही, १९६० च्या आसपासचा असेल तर नाहीच नाही. तेव्हा बिनधास्त रंगवून घ्या, वरून मॅट वार्निशचा स्प्रे मारा, भिंतीवर लावा. लॉबीत छान दिसेल.


खिळेजुळारी

राग नाही. चाळीला लॉबी नसते, एवढीच दुरुस्ती सुचवतो.


एकगठ्ठा (लालबाग)

खिळेकाका, "बायकोचं वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष" याला माझ्याकडून एक चहा.

आणि शोकेस, कायद्याने अँटिक म्हणजे शंभर वर्षं. १९७२ चा पुरावस्तू कायदा. म्हणजे काकांच्या मुखवट्याला साधारण २०६० पर्यंत थांबावं लागेल. तोवर लॉबी तयार होईल, रिडेव्हलपमेंट चालूच आहे.


ओलसुकी (दादर)

काका, कृपा करून रंगवू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी कागदाच्या संवर्धनाचं काम करते, म्हणजे जुनी पुस्तकं, नकाशे, कधी कधी लगद्याच्या वस्तू. आधी बुरशी, कारण ती थांबत नाही.

बुरशी चालू आहे की झोपलेली, ते पाहा. ओलसर, लोकरीसारखी, बोट लावलं की पसरते, तर चालू आहे. भुकटीसारखी कोरडी असेल तर झोपली आहे, पण मेली नाही. मुखवटा घरातल्या कोरड्यात कोरड्या खोलीत, पंख्याच्या सरळ झोतात नाही पण वारा फिरेल असा, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. गिरगावातल्या जुन्या चाळींच्या पश्चिमेकडच्या भिंती पावसात कशा घामेजतात, मला माहीत आहे, माझं माहेर तिथलंच. त्या भिंतीवर काहीही टांगू नका. उन्हात ठेवायचा मोह होईल, तो टाळा. एका बाजूने तापला की लगदा वाकतो आणि वरचा खडूचा थर वाकत नाही, तो तडकतो. तुमचे पोपडे बहुधा असेच आले आहेत. कागद आणि खळ हवेतली ओल पिऊन फुगतात, सुकले की आक्रसतात. मुंबईत पावसाळाभर हवेत ८० टक्क्यांच्या वर ओल, आणि दिवाळीनंतर एकदम कोरडं. खडू-सरसाचा थर या ताणाताणीला वर्षानुवर्षं पुरत नाही.

पूर्ण सुकल्यावर बुरशी झटकायची. गॅलरीत बसून, नाकातोंडावर मास्क लावून, मऊ केसांच्या रुंद ब्रशने, फक्त आतल्या बाजूने. खोलीत नको, नाहीतर उरलेल्या २२ नगांना आमंत्रण जाईल. ओलं फडकं अजिबात नाही. या मुखवट्यांचा रंग बरेचदा पाण्यात विरघळणारा असतो, फडक्यावर मिशी निघून येईल.

रंगाचे जे पोपडे पडलेत ते फेकू नका. एका पाकिटात घालून वर तारीख आणि "उजवा गाल", "कपाळ" असं लिहा. तुम्हाला हे सांगायला नको, तुम्ही गॅली जपणारे. फेव्हिकॉलने चिकटवू नका, तो सुकला की पुन्हा सुटत नाही, आणि पुढे कुणाला नीट दुरुस्ती करायची झाली तर त्याचे हात बांधले जातात. आम्ही गव्हाच्या शुद्ध स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू वापरतो, कारण पाण्याने ती परत सोडवता येते. ते काम घरी करू नका. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे बाहेरच्या लोकांच्या वस्तूंचंही काम होतं, एकदा जाऊन विचारा. आणि वार्निशचा स्प्रे! शोकेस, हे तुम्हीही करू नका, तुमच्या डब्यांवरही.

आता खरं कुतूहल. रंग उडालाय तिथे कडेला भिंग लावा आणि थर मोजा. आणि वर्तमानपत्राच्या बाबतीत एक शंका. तो न. पै. वाला कागद मूळ बांधणीतला आहे की नंतरच्या ठिगळातला? दुरुस्ती करणाराही रद्दीच वापरतो. शिवाय रद्दी तारखेनंतरच वापरली जाते, आधी नाही, पण किती वर्षांनंतर हे कागद सांगत नाही.


खिळेजुळारी

ताई, उत्तर वाचून बुरशी बाजूला ठेवली (म्हणजे मुखवटा बाजूला ठेवला, माळ्याखाली, आतल्या खोलीत) आणि दोन दिवस भिंग घेऊन बसलो.

फुटलेल्या कानाच्या कडेला थर मोजले. सहा आहेत, काही ठिकाणी सात. न. पै. तिसऱ्या थरात आहे, आतून मोजून, आणि त्याच्यावर आणखी तीन थर अखंड गेलेत. म्हणजे ठिगळ नाही, मूळ बांधणी. पण आपली शंका फुकट नाही गेली. कपाळाच्या आतल्या बाजूला एक वेगळं ठिगळ आहे, कागद जास्त पांढरा, आणि त्याच्यावर एका दुकानाचा पत्ता, "मुंबई ४०० ००२". सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. त्याआधी आम्ही नुसतं "मुंबई २" लिहायचो. गिरगाव म्हणजे मुंबई ४, हे अजून माझ्या हाताला सवयीने येतं. त्याच ठिगळात "नाही" वर अनुस्वार नाही. म्हणजे एकाच डोक्यात दोन शुद्धलेखनं आहेत. कपाळ निदान बहात्तरनंतर एकदा फुटलं आणि कुणीतरी ते सांधलं.

आणि रंग. हे मात्र मी बघितलं आणि गप्प झालो. डाव्या गालावर एक पोपडा सुटलाय, त्याच्या कडेला तांबडा, त्याखाली काळपट रेघ, त्याखाली पुन्हा तांबडा पण विटकरी, मग पांढरं, मग पिवळसर, मग पुन्हा तांबडा. मी नऊपर्यंत मोजले, पुढे डोळे पाणावले, वयामुळे. काळपट रेघा धुराच्या असाव्यात, वास घेतला तर अजून राळेसारखा येतो. बायको म्हणाली, हे काय, सहाणेसारखं हुंगताय.

म्हणजे हा इतक्यांदा रंगवला गेलाय. मग दहाव्यांदा आमच्या मुलाने रंगवला तर काय बिघडलं? हा प्रश्न थट्टेने नाही विचारत. मला खरंच कळत नाहीये.


शोकेस

नऊ थर! म्हणजे मूळ रंग उरलाच नाही. किंमत शून्य. मी हेच म्हणत होतो.


ओलसुकी

शोकेस, तुमच्या काश्मिरी कलमदानाला हे लागू होतं, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. तिथे साचा करणारा सख्तसाज वेगळा, रंगवणारा नक्काश वेगळा. नक्काशाने एकदा कलम उचललं की काम संपलं, वर वार्निश. त्याच्यावर कुणी दुसऱ्याने हात फिरवला तर ती वस्तू गेली. पण नाचाचा, सोंगाचा मुखवटा वापरायची वस्तू आहे. तो दरवर्षी घामाने, धुराने, दवाने खराब होतो आणि दरवर्षी रंगवला जातो. रंगवणं हा त्याच्या असण्याचाच भाग. त्याला "मूळ रंग" विचारणं म्हणजे देवळाच्या उंबऱ्याला मूळ कुंकू विचारण्यासारखं.

काका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ते नऊ थर कामासाठी दिले गेले. ज्याने रंगवलं त्याला दुसऱ्या रात्री तो तोंडावर बांधायचा होता. तुमच्या गल्लीतला मुलगा रंगवेल तो भिंतीसाठी. शिवाय तो आधी पॉलिश पेपर मारणार आहे. तो पेपर नऊच्या नऊ थर खाईल. वर भर घालणं वेगळं आणि खालचं खरवडणं वेगळं. गावातले लोक खरवडत बसत नाहीत, वरून हात मारतात. म्हणून तर तुम्हाला मोजायला नऊ मिळाले.

(कसर लागली आहे का तेही पाहा. कागदाच्या कडा कुरतडल्यासारख्या पण वरचा रंग शाबूत, असं असेल तर ती खळीसाठी आलेली असते. डांबराच्या गोळ्या मुखवट्याला टेकवून ठेवू नका. वेखंडाची पुरचुंडी शेजारी चालेल, आजीच्या पेटीत असायची तशी. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. जुनं, खळ धुतलेलं मलमल झाका.)


दूरदेशी (ठाणे)

जरा अवांतर. माझा भाऊ मेक्सिकोला असतो, त्याने तिथून एक लगद्याचा प्राणी पाठवलाय, पंख, शिंगं, सरड्याची शेपटी सगळं एकाच अंगावर. त्यांना आलेब्रिहे म्हणतात. पेद्रो लिनारेस नावाच्या कारागिराला १९३६ साली तापात हे प्राणी स्वप्नात दिसले आणि त्याने ते लगद्यात केले, असं सांगतात. माझ्याकडच्याच्या पोटात स्पॅनिश वर्तमानपत्र आहे. आता मी भिंग घेऊन बसणार. खिळेकाका, स्पॅनिशमध्ये असे अनुस्वार असतात का?


एकगठ्ठा

दूरदेशी, n च्या डोक्यावर नागमोडी रेघ असते ना त्यांच्यात. तेच त्यांचं टिंब.

काका, जांभळ्या उजेडाची टॉर्च घ्या लॅमिंग्टन रोडवरून, दोनेकशेला मिळते. अंधारात मारली की जुनं राळेचं वार्निश हिरवट चमकतं आणि नंतरचे रंगाचे हात काळे दिसतात. मी जुनी तसबीर घेतली होती, तिच्यावर मारली तर बालकृष्णाचा अर्धा चेहरा काळा. तेव्हापासून टॉर्च मारून मगच घेतो. किंवा अजिबात मारत नाही, मनःस्थितीवर आहे.


मोखाड्याचा (सध्या नालासोपारा)

काका, रामराम. मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. पण तुमचे फोटो बघितले आणि राहवलं नाही.

हे आमच्याकडचं सोंग आहे. बोहाड्याचं. जव्हार, मोखाडा, तिकडे नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडे भवाडा म्हणतात. होळी झाली की चैत्र-वैशाखात गावोगाव लागतो. जगदंबेचा उत्सव. रात्रभर सोंगं नाचतात, पहिला गणपती येतो, मग सरस्वती, मग पुढची. रामायणातली, पुराणातली, सगळी. शेवटाकडे देवी आणि महिषासुर. मुखवटा म्हणत नाही कुणी, सोंगच म्हणतो. पूर्वी लाकडाची असायची, पार जड, नाचणाऱ्याची मान धरायची. मग कागदाच्या लगद्याची करायला लागले. जव्हारकडे अजून करतात.

धुराचा वास तुम्ही म्हणालात तो टेंभ्यांचा. वीज येण्याआधी टेंभ्यांच्या उजेडात नाचायचे, नाचणाऱ्याच्या तोंडासमोर टेंभा धरून एकजण उलट्या पावली चालायचा. त्यानेच सोंग काळं होतं. पुढच्या वर्षी परत रंग. माझा आजा रंगवायचा. आमच्या घरी एक सोंग होतं, कुठलं ते नाही सांगत. काही गावांत ज्याचं सोंग त्याच्याच घराण्याने नाचवायचं असतं. आजा वर्षभर ते आढ्याला फडक्यात बांधून ठेवायचा, चुलीच्या धुरात. ओल लागू नये, कीड लागू नये म्हणून. तुमचं ताईंनी सांगितलेलं मलमल तेच झालं.

कानाजवळच्या चौकोनी भोकांबद्दल. आमच्याकडच्या रावणाला दोन्ही बाजूला बाकीची डोकी असतात, ती चौकटीवर बसवतात आणि चौकट मधल्या सोंगाला अडकवतात. तुमचं ते मधलं डोकं वाटतंय मला. बाकीची नऊ कुठं गेली देव जाणे.

एक बोलू का, राग नका मानू. ती बाजारात कशी जातात मला माहीत आहे. कोणी तरी गाडी घेऊन येतो, नवीन करायला पैसे देतो, जुनं घेऊन जातो. गावाला वाटतं बरंच झालं, जुनं फाटलेलंच होतं. कोणी चोरी नाही केली. पण तुम्ही २,८०० म्हणालात आणि ९,००० सुरुवातीचे, तेव्हा मी गावात किती दिले असतील ते मनात मोजत होतो.


खिळेजुळारी

भाऊ, तुमचं उत्तर काल रात्री वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती उठली आणि मुखवट्यावर, म्हणजे सोंगावर, तिचं एक जुनं मऊ लुगडं फाडून झाकलं. खळ धुतलेलं. मी काही बोललो नाही, तीही नाही.

राग कसला. मी चोर बाजारात भाव पाडून घेतलं याचा मला मार्चमध्ये अभिमान होता, आणि ते मी इथे फुशारकीने लिहिलंही. माझ्या खिशात जे पैसे राहिले ते दुकानदाराचे, असं वाटलं होतं. आता ते वाक्य मला प्रुफात सापडलेल्या चुकीसारखं दिसतंय, पण छापून गेलंय, राहू दे.

रंगवायचं नाही हे ठरलं. गल्लीतल्या मुलाला सांगितलं. तो सोंग बघायला आला, कान उघडून थर दाखवले, तो म्हणाला, काका, खालचा विटकरी हात माझ्यापेक्षा चांगला आहे, मिशीची रेघ एका दमात ओढलीय. अर्धा तास बसला. त्याच्याकडून एक काम मात्र घेतलं, पोपड्यांची पाकिटं करून घेतली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे तारीख आणि जागा लिहून. ११ पाकिटं झाली. "उजवा गाल, वरचा, तांबडा ३" वगैरे. पुढल्या आठवड्यात संवर्धन केंद्रात जाऊन विचारून येतो.

बुरशी झटकली, गॅलरीत, मास्क लावून. शेजारचे विचारत होते पुन्हा करोना आला का.

झटकताना आणखी एक गोष्ट दिसली. हनुवटीच्या आत, पार तळच्या थराला, वर्तमानपत्र नाही. शाळेच्या वहीचं पान आहे, रेघांचं. शाईने लिहिलेलं, टाकाने, शाई पसरलेली आहे पण वाचता येतं. सतराचा पाढा. "सतरा साता" पुढे एक उत्तर लिहिलंय आणि ते खोडून पुन्हा दुसरं लिहिलंय. दोन्ही चूक. शेजारी दुसऱ्या हाताने, मास्तरांच्या असणार, एक तांबडी फुली. पंधरा वर्षं मुद्रितशोधक होतो, फुलीचा जोर ओळखतो. मास्तर वैतागले होते.

भाऊ, एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षी बोहाडा बघायला आलो तर चालेल का? आणि हे सोंग बरोबर आणलं तर कुणाला खटकेल का? विकत नाही, परत देण्याचा आवही आणत नाही, गाव कुठलं तेच माहीत नाही. पण तिकडच्या म्हाताऱ्या माणसांनी पाहिलं तर ओळखतील का, एवढंच.


शोकेस

खिळेकाका, विकायचं झालं तर मला कळवा. चेष्टा नाही. मघाशी शून्य म्हणालो ते मागे घेतो.


एकगठ्ठा

शोकेसने मागे घेतलं! स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.


मोखाड्याचा

काका, या ना. विचारायचं काय त्यात. कोणीही येतं. रात्री दहानंतर सुरू होतं, पहाटेपर्यंत, झोप काढून या. मुंबईवरून कसाऱ्याला उतरा, तिथून खोडाळ्यावरून मोखाडा. एसटी सकाळची बघा, संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नाही. काकूंनाही आणा.

ओळखण्याचं सांगतो. रंगावरून नाही ओळखणार, रंग दरवर्षी बदलतो. म्हातारे आतून हात घालून ओळखतात, कपाळाचा उंचवटा कुठं टेकतो त्यावरून. माझा आजा अंधारात ओळखायचा. आता तो नाही, पण त्याच्या जोडीचे दोघं आहेत, एकाला दिसत नाही, तोच बरा पडेल.

तारखा गावागावाच्या वेगळ्या असतात, होळी झाली की कळवतो. आणताना लुगड्यातच गुंडाळून आणा, एसटीत उघडं ठेवू नका. आणि त्या पाढ्याचा फोटो टाका. आमच्या आळीतल्या एका चुलत्याला अजूनही सतराचा पाढा येत नाही. ६८ वर्षांचा आहे.


खिळेजुळारी

फोटो खाली जोडला आहे. फुली तेवढी स्पष्ट आली नाही, उजेड कमी होता. उद्या सकाळी परत काढतो.